दौलतरावांचा ग्रॅनाइटचा ओटा

इंझोरीच्या दौलतरावांनी दारापुढच्या ओट्यावर लालसर ग्रॅनाइट बसवला आणि ते घरात कमी, ओट्यावरच जास्त दिसू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं, चहा पाजायचा, आणि त्याचा हात दगडावरून फिरला की मिशीतल्या मिशीत खूश व्हायचं.

अशात त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी राधिका जपानहून परतली. २०११ साली फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला होता. त्याच भागात शेतीचं काम शिकत ती दोन वर्षं राहिली होती. येताना तिने किरणोत्सर्ग मोजायचं मुठीएवढं यंत्र आणलं. दौलतरावांना कुठला दम!

"माह्या ओट्यावर ठेव बरं!"

दौलतरावांच्या वांग्याच्या वाफ्यात सावकाश टिकटिकणारं यंत्र ग्रॅनाइटवर ठेवताच भराभर वाजायला लागलं. शेजारच्या चतुराबाईंची चहाची बशी ओठांजवळच थबकली.

"अवो माय! दौलतभाऊ, तुमच्या ओट्यात बॉम्ब हाय!"

"काकू, आपल्या काळ्या दगडापेक्षा ग्रॅनाइटमंदी थोडं जास्त असतेच. त्यानं काई होत नाई," राधिका म्हणाली. पण चतुराबाई 'थोडं जास्त' एवढं ऐकूनच बाहेर पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून ओटा ओस पडला. तिसऱ्या दिवशी दौलतराव वांगी घेऊन कारंजाच्या बाजारात गेले, तर बातमी त्यांच्या आधीच्या एसटीने पोचली होती. गिऱ्हाईक वांगं उचलायचं, दौलतरावांकडे बघायचं आणि हळूच खाली ठेवायचं. भरलेले क्रेट तसेच परत आले.

"दगड मिरवाची हौस कोनाले होती?" गोजराबाईंनी नवऱ्याला विचारलं.

दौलतरावांनी क्रेट ओट्याच्या कडेला सरकवले. मग राधिकेला म्हणाले, "पोरी, तिकडं झालं तरी काय होतं?"

"मोठे बाबा, भूकंप झाला, मग समुद्राची लाट आली. एवढी मोठी लाट येऊ शकते हे जानकारांनी आधीच सांगतलं होतं, पन भिंत कोनी वाढवली नाई. पानी घुसलं, वीज गेली, रिॲक्टर थंड कराचे पंप बंद पडले. दीड लाखावर मानसं घरदार सोडून निघाले. किरनांपेक्षा त्या पळापळीनंच म्हातारे जास्त गेले. काई दवाखाना बदलता बदलता, काई परक्या खोलीत झुरून. शेतातली वरची माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरली. जंगल मात्र कोन खरवडते? तिथले अळंबे काई ठिकानी आजही खाऊ देत नाईत."

"अन् शेतकरी?"

"मी ज्या बुढ्याकडं होती, त्याच्या काकड्या दरवेळी तपासल्या जायच्या. एकदम साफ. तरी कोनी घेईना. मग तो बाजारात उभा राहून रोज एक काकडी सर्वांदेखत खायचा."

दौलतरावांनी मान हलवली. पुढच्या बाजारी ते राधिकेला घेऊनच गेले. तिने त्यांच्या वांग्यांवर यंत्र धरलं, मग शेजारच्या सगळ्या ढिगांवर धरलं. आकडा सगळीकडे जवळपास तोच. लोक बघत होते, पण हात कुणी पुढे करेना. तेव्हा दौलतरावांनी एक जांभळं वांगं उचललं आणि कचकन चावा घेतला.

त्यांचा चेहरा असा वाकडा झाला की भाजीवाल्या गोमतीबाई खदखदून हसल्या. "भाऊ, मीठ तरी लावा!"

बाजार हसला. हसता हसता कुणीतरी पिशवी पुढे केली, मग दुसऱ्याने केली. दुपारपर्यंत क्रेट रिकामे.

चार दिवसांनी चतुराबाईही ओट्यावर आल्या. आधी टोकाशी टेकल्या, मग ऐसपैस बसल्या. राधिकेने जपानच्या त्या काकडीवाल्या म्हाताऱ्याला व्हिडिओ कॉल लावून ओटा दाखवला. सुरकुतलेला हसरा चेहरा पडद्यावर उगवताच दौलतरावांनी रामराम ठोकला.

"त्याले सांग, काकडी खानं सोपं हाय. मर्द असशीन तर कच्चं वांगं खाऊन दाखव!"

म्हातारा आधी न समजताच हसला. मग राधिकेने जपानीत समजावून सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि गोजराबाई इकडून ओरडल्या, "अवो, पानी पाजा ना कोनी त्याले!"