रविवार नसलेला नकाशा

मित्रांनो, मला उलगडायचं असेल तर आधी टेबल कोरडं करून घ्या. मी कागदाचा आहे आणि पन्नास वर्षांचा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात बेटांची एक लांब माळ आहे, तिचा मी नकाशा. मी जुना आहे, पण अजून कामाचा आहे, असं माझं मत आहे.

एडिनबर्गच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. आम्हा नकाशांना एकेक रंग वेगळा चढवतात. आधी काळा, मग तपकिरी, मग हिरवा आणि शेवटी निळा. माझ्या वेळी निळा रंग अर्धा मिलिमीटर सरकला, त्यामुळे माझ्या किनाऱ्यांना एका बाजूने पांढरी रेघ राहिली आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे फार नव्हे, असं छापणाऱ्याला वाटलं असेल. पण माझं प्रमाण अर्ध्या इंचाला एक मैल असं आहे. या हिशेबाने मी अख्खा समुद्र साठ मीटर पूर्वेला ढकलला होता. तरीही मला दुकानात मांडलं गेलं, याबद्दल मी त्या छापखान्याचा आभारी आहे.

मला रोरी नावाच्या माणसाने विकत घेतलं. रोरी मूळचा बारा नावाच्या बेटावरचा. बारा हे माझ्या अगदी खालच्या टोकाला आहे. तो ग्लासगोत राहायचा आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. दर उन्हाळ्यात मोटारसायकलला हत्यारांची पेटी बांधून तो बेटांवर यायचा आणि मला जाकिटाच्या खिशात ठेवायचा. कुणी रस्ता विचारला की तो मला पेट्रोलच्या टाकीवर पसरायचा आणि म्हणायचा, "हा कधी चुकत नाही." ते पूर्ण खरं नव्हतं, पण मला ऐकायला आवडायचं. माझ्या खालच्या घड्यांवर त्याच्या बोटांचं तेल अजून आहे.

माझा वरचा भाग मात्र कोरा राहिला. तिथे हॅरिस आहे, रोरीची बायको एफी हिचं गाव. रोरी कॅथलिक होता आणि एफी कडक प्रॉटेस्टंट घरातली. लग्नानंतर तिच्या माहेरचं दार बंद झालं. रोरीची मोटारसायकल दर वर्षी बर्नरे बेटापर्यंत जायची आणि तिथून परत फिरायची. पुढे हॅरिसची खाडी होती. त्या खाडीच्या अलीकडे मी झिजलो आणि पलीकडे नवाच्या नवा राहिलो.

रोरी गेल्यावर मी वीजमीटरच्या कपाटात पडून होतो. वीस वर्षं. तक्रार करत नाही. कपाट कोरडं होतं आणि वाळवी नव्हती.

गेल्या हिवाळ्यात एफीही गेली आणि घर आवरताना त्यांच्या मुलीला मी सापडलो. तिचं नाव इशबेल. वय चोपन्न, रुग्णालयात रक्त तपासण्याचं काम, बोलणं कमी. तिने मला मांडीवर उलगडलं आणि ती बराच वेळ माझ्या कोऱ्या भागाकडे पाहत राहिली. एफी तिला एकच गोष्ट सांगायची, की मी जन्मले ते घर समुद्राकडे पाठ करून उभं होतं. कुठलं घर, ते सांगायची राहून गेली.

वसंतात इशबेलने मोटारसायकलची परीक्षा दिली आणि वापरलेली अडीचशे सीसीची गाडी घेतली. एफीची धाकटी बहीण दोलिना हॅरिसमध्ये एकटी राहत होती. वय शहाऐंशी. दोघी बहिणींमध्ये वर्षाला एक नववर्षाचं कार्ड जायचं, तेवढंच. इशबेलने तिला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते चार ओळींचं: "जुन्या वस्तीत अकरा घरं पडली आहेत. तुझ्या आईचं कोणतं, ते सांगणारी आता मीच उरले. सप्टेंबरच्या शेवटच्या सोमवारी सकाळी दहाला मला स्टॉर्नोवेच्या वृद्धाश्रमात नेणार आहेत. घर मोकळं करून द्यायचं आहे. यायचं तर त्याआधी ये. फोन करू नकोस, मला कमी ऐकू येतं."

मित्रांनो, मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. रोज संध्याकाळी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं जाई. इशबेल माझ्या रस्त्यांवर ओला दोरा वळवून ठेवायची आणि मग सरळ करून मोजायची. किती मैल, किती पेट्रोल, कोणती बोट किती वाजता. सगळं टोकदार पेन्सिलने, बारीक अक्षरात. गुरुवारी बारा बेट. शुक्रवारी आणि शनिवारी उइस्टची बेटं, सावकाश, कारण ती नवशिकी होती. रविवारी दुपारी खाडी ओलांडून दोलिनामावशीच्या दारात.

खालच्या मजल्यावर टॉर्किल नावाचे म्हातारे गृहस्थ राहत. हॅरिसचेच होते, जन्मभर बोटींवर गाड्या दोरांनी बांधून ठेवायचं काम केलेले. इशबेलने त्यांना चहाला बोलावलं आणि माझ्यापुढे बसवलं. आधी त्यांनी माझ्यावर दोन छोट्या रेघा ओढल्या.

"इथे तुझा नकाशा निळा आहे. आता दगडांचा बांध घालून रस्ता केलाय. त्याला म्हणावं, जागा हो."

मग त्यांनी सूचना दिल्या. बोटीवर गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवायची. मऊ जमिनीवर उभी करताना स्टँडखाली लाकडाचा तुकडा सरकवायचा. मेंढी दिसली की समजायचं, तिच्यामागे दुसरी आहे. बोलता बोलता त्यांचं बोट रविवारावर येऊन थांबलं.

"हे काय लिहिलंयस, पोरी?"

"दोलिनामावशीकडे पोचायचा दिवस."

"रविवारी? त्या फटफटीवर?"

"मोठी नाहीये ती. अडीचशेची आहे."

"पाचाची असली तरी काय. तिथे रविवारी कपडे वाळत घालत नाहीत. तू बापाची पोर, बारावाल्यांची. तुमच्याकडे चर्चमधून बाहेर पडलं की फुटबॉल. आमच्याकडे कोंबडासुद्धा विचार करून आरवतो."

"काका, गंमत करता तुम्ही."

"गंमत केली ती कोंबड्याची. बाकीचं खरं आहे. एकदा त्या घराचं दार तुमच्यावर बंद झालंय. परत आपटून घ्यायचंय?"

इशबेलने खोडरबर घेतलं आणि सगळं एक दिवस अलीकडे आणलं. मला ओशाळल्यासारखं झालं. माझ्यावर चर्च आहेत, पेट्रोलपंप आहेत, विहिरी आहेत, पण वार कुठेच छापलेले नाहीत.

बुधवारी आम्ही निघालो. टाकीवरच्या पिशवीला पारदर्शक खण होता, त्यात मी. वीस वर्षांनी मला आकाश दिसलं. इशबेल पहिल्या दिवशी हँडल इतकं घट्ट धरायची की थांबल्यावर बोटं एकेक करून सोडवावी लागायची. दुसऱ्या दिवशी एका वळणावर तिने समोरून येणाऱ्या ट्रकला बाजू दिली आणि ट्रकवाल्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार केला. त्यानंतर पाच मैल ती हेल्मेटच्या आत गुणगुणत होती.

शनिवारी वारा आला. सकाळची बोट रद्द, दुपारचीही रद्द. संध्याकाळी एकच बोट निघाली आणि आम्ही लेव्हरबर्ग बंदरात उतरलो तेव्हा दिवस मावळत आला होता. मावशीचं गाव तोरासवाय तिथून सात मैल. माझ्यावर साडेतीन इंच. रस्ता एकपदरी, पाऊस आडवा. इशबेलने गाडी वळवली, एका झोताने ती अर्धा हात बाजूला सरकली, आणि इशबेलने इंजिन बंद केलं. बंदराजवळ एका बाईंकडे खोली मिळाली. बाई म्हणाल्या, "उद्या गाडी चालू करायची असेल तर कर. कोणी काही बोलणार नाही. सगळे फक्त बघतील."

हातात राहिला रविवार आणि सोमवारची सकाळ.

रविवारी आठ वाजता इशबेलने मला जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलं, गाडीवर आवरण घातलं आणि ती चालू लागली. पाच मैल झाले असतील. समोरून एक गाडी आली आणि रस्त्याच्या रुंद जागेवर थांबली. काच खाली गेली.

"वाट चुकलात का?" एका पुरुषाचा आवाज. हे नॉर्मन, मावशींचे शेजारी आणि तिथल्या चर्चचे पंच; रविवारी चर्चला जाण्यापुरती गाडी तिथे चालते.

"नाही. तोरासवायला चाललेय."

मागच्या सीटवरून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "कोण आहे रे, नॉर्मन?"

"कोणी बाई आहे, दोलिना. जाकीट मोटारसायकलवाल्यांचं दिसतंय."

"मग मोटारसायकल कुठंय?"

इशबेल मोठ्याने म्हणाली, "लेव्हरबर्गला ठेवलीय. आज रविवार आहे ना."

मागची काचही खाली गेली. इशबेलच्या छातीचे ठोके मला घडीघडीतून जाणवत होते.

"एफीची तू?"

"हो, मावशी."

"बूट पूस आणि आत बस. प्रार्थनेला उशीर होतोय."

प्रार्थना दोन तास चालली. वाद्य नव्हतं. एक माणूस ओळ म्हणायचा आणि सगळे मागून ती उचलायचे, प्रत्येक जण आपापल्या चालीने, तरी मिळून एक. मध्येच मावशींनी इशबेलच्या हातात पेपरमिंटची गोळी ठेवली. नववर्षाची कार्डं सोडली तर त्या घरातून आमच्याकडे आलेली ती पहिली वस्तू.

दुपारी शनिवारीच करून ठेवलेलं मटणाचं सूप आणि बटाटे झाले. घरात खोकी बांधून ठेवली होती. इशबेलने मला टेबलावर उलगडलं.

"घडी घाल त्याची," मावशी म्हणाल्या. "आज नाही."

"मावशी, उद्या दहाला..."

"दहाला काय आहे ते मला माहितीये. पत्र मीच लिहिलं होतं."

मला घडी घातली गेली. मावशी एफीबद्दल विचारत राहिल्या. शेवटी त्रास झाला का? केस पांढरे झाले होते का? कधी गायची का? भांडणाविषयी त्या बोलल्या नाहीत. इशबेलनेही विचारलं नाही. मी मात्र काळजीत होतो. शहाऐंशीव्या वर्षी एक रात्रही मोठी असते.

सोमवारी सहाला काठीचा आवाज आला. "ऊठ. सोमवार लागला. पेन्सिल आण."

मावशींना कमी दिसत होतं. इशबेलने त्यांचं बोट धरून माझ्यावरच्या तोरासवायच्या किनाऱ्यावर ठेवलं. मावशींनी ठिपका काढला. इशबेलने तो निरखून पाहिला आणि ती माझ्यावर आणखी वाकली. मला कारण कळलं. तो ठिपका अर्धा मिलिमीटर होता, म्हणजे जमिनीवर साठ मीटर. त्याच्याखाली अकराही घरं मावली असती.

"काय झालं?"

"नकाशा लहान पडतोय, मावशी. सगळी घरं एकाच ठिपक्यात आली."

मित्रांनो, इतकी लाज मला निळा रंग सरकला तेव्हाही वाटली नव्हती.

"मग उलटा कर त्याला," मावशी म्हणाल्या.

माझी पाठ पन्नास वर्षं कोरी होती. तिच्यावर मावशींनी आधी ओढा काढला. मग डोळे मिटून, टेबलावर बोटं चालवत, पावलं मोजत त्या घरं मांडत गेल्या. "विणकराचं घर. तिथून वीस पावलं, लंगड्या जॉनचं. त्याच्या दारात नेहमी बदकं. मग विहीर." चौथ्या घराशी पेन्सिल थांबली. "हे आमचं. या खिडकीशी एफी झोपायची, भिंतीकडे मी. पाय गार असायचे तिचे. माझ्या पोटाला लावायची."

"समुद्राकडे पाठ का केली होती?"

"वारा तिकडून येतो म्हणून. समुद्र बघत बसायला कुणाला वेळ होता?"

पावणेदहापर्यंत अकरा घरं झाली. त्या नकाशात उत्तर दिशा नाही आणि प्रमाणही नाही. अंतरं लहानपणीच्या मावशींच्या, एका सात वर्षांच्या मुलीच्या पावलांची आहेत.

दहाला नॉर्मनची गाडी आली. मावशींनी कोट चढवला आणि दाराला हात लावून त्या थांबल्या.

"ती तुझी गाडी आवाज किती करते गं?"

"बराच करते."

"मग मंगळवारी स्टॉर्नोवेला ये. खिडकीखाली उभी राहून जोरात चालव. मला तेवढंच ऐकू येईल."

गाडी गेली. इशबेल मला उलटा धरून किनाऱ्याकडे उतरली. तिने आधी मावशींनी सांगितलेली पावलं आपल्या पायांनी मोजली, मग लहान मुलीच्या पावलांचा हिशेब केला आणि ती निम्मी केली. विणकर. लंगडा जॉन. विहिरीच्या जागी ओलसर खळगा. चौथ्या घराच्या भिंती कमरेएवढ्या उरल्या होत्या आणि आत खाजकुइलीसारखं बोचणारं रान माजलं होतं. उंबऱ्याचा दगड जागेवर होता. मधोमध झिजलेला, माझ्या खालच्या घड्यांसारखा. इशबेल त्यावर बसली. वारा पाठीमागून येत होता आणि भिंत तो अडवत होती.

मित्रांनो, माझी एवढीच कहाणी. मला घडीवर घडी नीट घाला, ओलाव्यापासून जपा, आणि माझ्यावर लिहायचं ते पेन्सिलने लिहा. मी चुका करतो आणि जुना होतो, पण दुरुस्त करून घ्यायला मला आवडतं. ज्यांनी मला दुरुस्त केलं त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. आणि तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस असेल, तर एखादं गाव फक्त त्याच्या डोक्यातच उरलं असेल. त्याच्यापुढे कागद ठेवा. हातात पेन्सिल द्या. आमचा सोमवार थोडक्यात साधला. तुम्ही तशा शेवटच्या सकाळची वाट पाहू नका.