विजांच्या रेघा

शहरातून वाहणाऱ्या मुशी नदीच्या महापुरात बहीण वाहून गेली तेव्हा नीळकंठराव आठ वर्षांचे होते. आता संस्थान भारतात सामील होऊन तीन वर्षं झाली होती, मास्तरकी संपत आली होती. नदीच्या वरच्या अंगाच्या गावांवर आभाळ फुटलं की बिनतारी यंत्रावरून शहराला वेळेत सांगायचं, एवढीच इच्छा उरली होती. त्यासाठी परवाना हवा, आणि परवान्याला परीक्षा.

परीक्षेच्या दिवशी कोठी भागातल्या सरकारी दफ्तरात त्यांनी हेडफोन लावले. रेडिओवरून संदेशाची टकटक सुरू झाली; ती ऐकून अक्षरं कागदावर उतरवायची होती. पण तिच्यामागे ओळखीची खरखर होती. दूर कुठे वीज चमकली की ती अशी उमटते. घरच्या रेडिओशी डोळे मिटून बसत ते वर्षानुवर्षं तीच मोजत आले होते. आताही मोजू लागले, आणि ढगांबरोबर गावागावांवरून तरंगत राहिले.

तपासनीस कादरसाहेबांनी कागद उचलला.

"मास्टरसाब, अक्षर एक नाही. नुसत्या रेघा!"

"विजा आहेत त्या," नीळकंठराव पुटपुटले. "तासाभरात वादळ येईल."

"एवढ्या धूपेत?" कादरसाहेबांनी खिडकीतल्या उन्हाकडे बोट केलं. "फेल, मियाँ!"

लाजेनं त्यांना रस्त्यावर उतरवेना. ते व्हरांड्यातच बसून राहिले. पाऊण तासात आभाळ काळवंडलं, खिडक्या आपटल्या. कादरसाहेब रेघांचा कागद घेऊन बाहेर आले आणि त्यांनी वर आभाळाकडे बघितलं.

"वादळ जाऊ द्या, मग पुन्हा बसा," ते म्हणाले. "पण या वेळी अक्षरं लिहा, हां!"

नीळकंठरावांनी मान डोलावली. बोट मात्र गुडघ्यावर विजा मोजतच होतं.