हाती द्यायचे ताट

सुरभीचे लग्न ठरले आणि राहून गेले, ते साल २०२०. सुरभी ही चिंतामणच्या थोरल्या बहिणीची, शशिकलाताईची लेक. पत्रिका वाटायला मार्चमध्ये तो बऱ्हाणपूरहून इंदूरला आला. परदेशीपुऱ्यातल्या विहारात भंते सुमेध राहत. भिक्खूचे चीवर घेण्याआधी ते गिरणीत चिंतामणच्या वडिलांच्या शेजारच्या मागावर होते. त्यांना पत्रिका द्यावी आणि सुदामा नगरला ताईकडे परतावे, एवढाच बेत. पण टाळेबंदी लागली, गल्लीत रुग्ण सापडला आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधले गेले.

अठरा दिवस तो तिथे अडकला. पहाटे भंते अंगण झाडत, मग वंदना, मग डोळे मिटून बसणे. बारानंतर अन्न बंद. आणि अन्न आपण उचलून घ्यायचे नाही. कुणीतरी हातात द्यायचे. रोज येणाऱ्या उपासिका घरात कोंडलेल्या. देणारे हात उरले ते चिंतामणचेच.

"भंते, आता कोण बघतंय? घ्या की वाढून."

"साप चावला तर औषध आपल्या हातानं घ्यायची मुभा आहे," भंते हसले. "खिचडीला नाही. तुझ्या खिचडीला तर नाहीच."

नऊ एप्रिलला सकाळी सुरभीचा फोन आला. "मामा, आईला श्वास लागतोय. सारखं तुमचंच नाव घेतेय. कैसे भी करून या ना."

विनवण्या करून पोलिसांची एक जीप मिळाली. साडेअकराला दारात हॉर्न वाजला. "चलो बाबूजी, जल्दी!" भंते ध्यानात होते. ते मोडू नये म्हणून चिंतामणने ताट त्यांच्यापुढे ठेवले, वर झाकण घातले आणि निघाला. समोरच्या घरातल्या उपासिका विनीताबाईंना उद्यापासून विहारात यायची परवानगी होती. आजचे एकच जेवण द्यायचे काम त्याच्याकडे होते.

सियागंजची बंद दुकाने दिसली आणि त्याला ताट आठवले. ताट त्याने ठेवले होते, दिले नव्हते. आणि भंतेंनी मधुमेहाची गोळी सकाळीच घेतली होती; वर अन्न गेले नाही तर साखर उतरणार. त्याने विनीताबाईंना फोन लावला.

"भाऊ, दारात पुलिस बसलाय. आज पाय नाही काढू देत बाहेर."

"भिया, गाडी रोको," चिंतामण ड्रायव्हरला म्हणाला.

"उतर गए तो दुबारा गाड़ी नहीं मिलेगी बाबूजी. सोच लो."

तो उतरला.

धापा टाकत विहारात पोचला तेव्हा बारा वाजून गेले होते. गल्लीत शिरताना कुणी अडवले नाही. ताटावर झाकण तसेच. भंते घामाने भिजून भिंतीला टेकले होते, हात थरथरत होते.

"आता जेवण नाही," ते पुटपुटले. "गूळ चालतो आजाऱ्याला."

चिंतामणने गुळाचे पाणी केले आणि दोन्ही हातांनी दिले. भंते घोट घोट प्यायले. बऱ्याच वेळाने थरथर थांबली. मग त्यांनी विचारले, "ताईकडे गेला नाहीस?"

चिंतामणने ताट उचलले. तो ते गल्लीच्या तोंडाशी कुत्र्याला घालायला गेला. बांबूपाशी नवा शिपाई उभा होता.

"अंदर," शिपाई म्हणाला. "अब कोई बाहर नहीं जाएगा."

शशिकलाताई त्याच दिवशी, ९ एप्रिल २०२० रोजी, संध्याकाळी सव्वापाच वाजता सुदामा नगरच्या घरी वारली.