एकवीस टिकल्यांचा पाट

मी एक जुना सागवानी पाट आहे. मित्रांनो, हल्ली तुमच्या घरी उभ्या उभ्याच केक कापतात, म्हणून आधी ओळख करून देतो. वाढदिवसाला लेकराला ज्या बुटक्या लाकडी आसनावर बसवून ओवाळतात, तो मी.

माझा जन्म उमरेडचा. बाबनराव तिथे हातमागावर लुगडी विणत. त्यात भागेना, तेव्हा त्यांनी माग मोडला आणि त्याच्या लाकडातून गोविंदा सुताराकडून मला घडवून घेतलं. बाकीचं लाकूड चुलीत गेलं. त्यांचा मुलगा चंदन माझ्यावरच बसून मोठा झाला. वर्षातून एक दिवस कुंकू, अक्षता आणि निरांजनाचा थाट, आणि एरवी मी भिंतीला टेकून उभा. कोणी ढुंकूनही बघत नसे.

पुढे चंदनने नागपुरात हुडकेश्वरला घर बांधलं. बाबनराव तिकडे गेले आणि त्यांच्या सामानात मीही. त्या घरात चंदनची बायको मयुरा आणि मुलगी भैरवी. भैरवी म्हणजे पायाला भिंगरी! एका जागी बसेल तर शपथ. मयुराने मोबाईलवर कुठेतरी पाहिलं की लेकरांना मारू नये, बक्षीस देऊन वळण लावावं. गोष्ट चांगलीच होती. तिने मला स्वच्छ पुसलं आणि भैरवीला समोर उभं केलं.

"रोज चांगली वागली का या पाटाले एक टिकली लावीन. एकवीस झाल्या का तुह्या वाढदिवसाले पूर्ण वर्ग बोलावू, हॉलमंदी. पण चूक केली तं एक टिकली काढून टाकीन."

रोज संध्याकाळी मयुरा विचारी, "आज काही चूक केली का वं?" भैरवी म्हणे, "नाही." की माझ्या काठावर एक लाल टिकली चिकटे. पोरगी खरंच सुधारली. डबा संपवू लागली, चपला जागेवर ठेवू लागली. शेजारणी मला बघायला येत. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू? पण टिकली मिळत होती ती त्या 'नाही'ला, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

अठराव्या दिवशी घात झाला. मागच्या रिकाम्या प्लॉटवर कुत्रीने पिल्लं घातली होती. तिथे जायचं नाही, अशी मयुराची ताकीद होती. भैरवी गेली. तिने पिल्लू उचललं आणि कुत्री तिच्या पोटरीला चावली. ती लंगडत आली, माझ्यावर बसली आणि मोजा वर ओढू लागली. बाबनरावांनी ते पाहिलं.

"आबाजी, आईले सांगू नोका नं. ते टिकली काढून टाकीन. मंग माहा वाढदिवस नाही होत."

"नाही सांगत वं माय," बाबनराव म्हणाले. "दोनच तं दात लागले. हळद लावून देतो."

बाबनराव वाईट माणूस नाही. नातीचे डोळे भरलेले त्यांना पाहवत नसत, एवढंच. मी सगळं ऐकलं, पण मला तोंड नाही. त्यांना होतं.

वाढदिवस दणक्यात झाला. सकाळी भैरवीला माझ्यावर बसवून ओवाळलं. "एकवीस दिवसांत एकही चूक नाही!" मयुरा आल्यागेल्याला सांगत होती. बाबनराव गालातल्या गालात हसले.

दीड महिना गेला. भैरवीला ताप आला, पोटरीला मुंग्या येऊ लागल्या. मग एका सकाळी तिने पाण्याचा पेला किंचाळून भिरकावला. पंख्याचा वारासुद्धा तिला सोसेना. गल्लीतले डॉक्टर धावत आले. त्यांनी विचारलं, "हिला कुत्रं चावलं होतं का?"

"नाही जी," मयुरा लगेच म्हणाली. "आमची पोरगी सगळं सांगते."

बाबनराव धपकन माझ्यावर बसले.

"चावलं होतं," ते म्हणाले. "मले माहीत होतं."

मयुराने त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं मी जन्मात विसरणार नाही. चंदनने भैरवीला उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं. रेबीज अंगात भिनला होता, आता उपाय उरलेला नव्हता. चौथ्या दिवशी ती तिघं भैरवीशिवाय घरी आली. मयुराने सुरीने माझा काठ खरवडला आणि मला माळ्यावर टाकलं.

मित्रांनो, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण जखमेचं तसं नसतं. कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं, तरी आधी घरात ओरडून सांगा. साबणाने, वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच इंजेक्शन घ्या. आणि मोठ्यांनो, चूक सांगणाऱ्या लेकराला आधी जवळ घ्या, वळण मागून लावा.

परवा भैरवीला आठवं वर्ष लागलं असतं. मयुरा एकटीच माळ्याखाली येऊन उभी राहिली. "मले काहून नाही सांगितलं वं?" ती हळूच म्हणाली. "मी रागावली नसती तुले."

रागावली तर ती नक्कीच असती, मित्रांनो. पण त्याच पावली दवाखान्यातही घेऊन गेली असती.