बत्तीस पानांची कच्ची प्रत

मित्रांनो, मी एक जुनी डमी आहे. कपड्यांच्या दुकानात उभी असते ती नव्हे. तिला निदान नवे कपडे तरी मिळतात. मी पुस्तकाची डमी. पुस्तक छापण्याआधी ते कसं दिसेल, पान उलटल्यावर काय होईल, हे पाहायला हाताने जी कच्ची प्रत बनवतात, ती मी. आठ कोरे कागद एकात एक घातले, मधोमध दुमडले, पाठीत दोऱ्याचे तीन टाके घातले, की झाली माझी बत्तीस पानं.

मला बनवलं एका बहीण-भावाने. ताई इस्पितळात चौकशीच्या खिडकीपाशी बसते. "एक्स-रे कुठे?" "तिसरा मजला, डावीकडे." दिवसभर हेच. एकदा तिथली लिफ्ट बंद पडली, तेव्हा तिच्या मनात आलं, ही बिचारी जन्मभर वर-खाली करते. डावं-उजवं काय असतं ते हिला कधी कळणार? झालं! आठवडाभरात गोष्ट लिहून तयार. याआधीच्या तिच्या नऊ गोष्टी 'साभार परत' आल्या होत्या. ही दहावी.

तिचा धाकटा भाऊ शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो. बारा वर्षं त्याने जठर, यकृत आणि बेडकाचे पाय काढले. एवढ्या बेडकांनंतर लिफ्ट हाती आल्यावर गडी जो सुटला, तो जेवायलाही उठेना.

दोघांचे स्वभाव आताच सांगून ठेवते. ताईचा एक शब्द गाळला की तिला दात उपटल्यासारखं होतं. भावाचं तसं नाही. तो दुसऱ्याचे शब्द आनंदाने गाळतो. त्याच्या चित्राला तेवढा हात लावून बघा!

दोघं नटूनथटून मला प्रकाशनाच्या कचेरीत घेऊन गेले. संपादकबाईंनी मला आधी मागून पुढे चाळलं, मग पुढून मागे.

"गोष्ट गोड आहे," बाई म्हणाल्या. "पण पुस्तकाचं नाव कुठे छापू? माझ्या कपाळावर?"

दोघांनी माझ्या बत्तीसच्या बत्तीस पानांवर गोष्ट पसरली होती. पहिलं पान नावाचं, दुसरं छपाईच्या माहितीचं, तिसरं अर्पणाचं आणि शेवटचं लेखिका-चित्रकाराच्या ओळखीचं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. जन्मभर पुस्तकं वाचली, पण ती पानं कोण बघतो? तुम्ही तरी बघता का? खरं सांगा.

"बत्तीसची तेहेतीस होणार नाहीत. कागदाचं मापच तसं आहे," बाई म्हणाल्या. "चार पानं कमी करा आणि सोमवारी आणा. नाहीतर छपाईच्या यादीत दुसरं पुस्तक जाईल. तुमचं मग पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी बघू' म्हणजे काय, हे ताईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शनिवारी दुपारी भावाच्या टेबलावर मला मधे ठेवून दोघं बसले. चौदाव्या-पंधराव्या पानावर लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकते. तिथपर्यंत दोघांचं एकमत होतं. पुढची दोन पानं ताईची: लिफ्टच्या दुःखाच्या सतरा ओळी. त्यापुढची दोन भावाची: लिफ्टचं यंत्र, दोर आणि चाकं, दोन्ही पानं भरून.

"ते यंत्र काढून टाक," ताई म्हणाली. "गोष्टीत त्याचं काही काम नाही."

"तीन आठवडे घातलेत मी त्यात! चाकाचा एकेक दात मोजून काढलाय."

"मुलं काय दात मोजत बसणार आहेत?"

"आणि तुझ्या सतरा ओळी? लिफ्टला एकटं वाटलं, लिफ्टला भरून आलं... ती लिफ्ट आहे की आपली मावशी?"

"मावशीला मधे आणू नकोस!"

ती तिची पानं उघडी, तो त्याची. या ओढाताणीत डिंकाची बाटली कलंडली आणि दोघांच्याही पानांवर ओघळ आले. कुणाचं लक्ष असेल तर शपथ! "कर तुला काय करायचं ते," म्हणत भावाने मला फाडकन मिटलं आणि माझ्यावर बेडकांच्या चित्रांचा जाडजूड गठ्ठा आदळला. बेडूक इतके जड असतात हे मला तेव्हा कळलं.

रविवारी ताई पुन्हा आली, पण भावाशी अबोला. अबोला असला तरी त्याने केलेला चहा ती प्यायली, याची मी नोंद घेतली. तेवढ्यात भावाची पाच वर्षांची मुलगी, टिकली, हिने मला गठ्ठ्याखालून ओढून काढलं. "आत्या, वाच ना."

ताई वाचू लागली. लिफ्ट अडकली. टिकलीने पान उलटलं. एकदम जाड पान. समोर विसावं-एकविसावं: लिफ्टमधली आजी, पोस्टमन आणि एक मुलगी जमिनीवर फतकल मारून भेंड्या खेळतायत.

"अगं, चार पानं सुटली तुझी," म्हणत ताईने नखाने सोलून पाहिलं. पानं घट्ट चिकटलेली.

टिकली मात्र खिदळत होती. "अडकल्यावर खेळतच बसले!"

ताई हळूच म्हणाली, "लिफ्टला काय वाटलं असेल गं?"

"तिला वाटलं, बरं झालं अडकले. आता सगळे शेजारी शेजारी बसलेत." टिकलीने दोन्ही हात आडवे पसरले. "आत्या, हेच ना डावं-उजवं?"

सतरा ओळींत ताईला जे नीट सांगता आलं नव्हतं, ते या पोरीने दोन दमात सांगून टाकलं होतं.

भावाने घसा खाकरला. "आणि यंत्राचं चित्र नसलं तर चालेल का?"

"कुठलं यंत्र?" टिकली म्हणाली.

ताईला आधी हसू फुटलं. मग त्याला. हसता हसता ताईने डोळे पुसले, ते मी पाहिलं. ते काही सगळं हसण्याचं पाणी नव्हतं.

"ताई, सोलू का हळूच? वाफेवर निघतील," भाऊ म्हणाला.

"राहू दे. आहे तसंच नेऊ."

सोमवारी संपादकबाईंनी मला बोटाने चाळलं, जाड पानाशी एक भुवई उंचावली आणि पुस्तक यादीत घातलं. पुढे रंगांची पक्की चित्रं झाली. छपाईचा नमुना आला, त्यात आजी हिरवी निघाली, ती पुन्हा गोरीगोमटी झाली. मग एके दिवशी गुळगुळीत कागदाचं देखणं पुस्तक घरात आलं. सगळे त्याचा वास घेत होते. मी गेले बुटांच्या खोक्यात. माझा वास कोण घेणार? खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं.

पण हल्ली ताईला शाळांमधून बोलावणं येतं. ती पुस्तक वाचून दाखवते आणि मग खोक्यातून मला काढते. खाडाखोड, डिंकाचे डाग, वाकडे टाके, सगळं मुलं अगदी नाकाशी धरून बघतात. "एवढं चुकलात?" असं विचारतात आणि लगेच आपापल्या वह्या उघडतात. ताई म्हणते, गुळगुळीत पुस्तक पाहून एकाही मुलाने वही उघडली नव्हती.

तेव्हा मित्रांनो, तुमची पहिली, गचाळ, चुकलेली वही रद्दीत टाकू नका. तिला टाके घाला, कोरडी ठेवा, वाळवीपासून जपा. आणि मी तुमच्या शाळेत आले, तर हात धुऊन या. हवं तेवढं चाळा, दुमडलात तरी रागावणार नाही. ते जाड पान मात्र सोलू नका. त्याच्या आत दोन माणसांचा हट्ट गाढ झोपलाय.