प्रमाण गोळा

"ह्यो तुमच्या काचेतल्या गोळ्यावानी दिसत नाय. मंग दोघातला खोटा कोनता?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

मोहियोद्दीन शेख यांनी संग्रहालयातल्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ प्रश्न ऐकले होते. 'मुतारी कुठं आहे' हा त्यांतला मुख्य. हा प्रश्न मात्र आजवर कुणी विचारला नव्हता, आणि त्याचं खरं उत्तर सबंध कचेरीत त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

टेबलावर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात लोखंडी गोळा होता. मोठ्या मोसंबीएवढा, गंजाने खवले धरलेला. मधोमध बारीक कंगोरा फिरलेला, दोन भागांच्या साच्यात लोखंड ओतलं की राहतो तसा. असईच्या शिवारात १८०३ साली इंग्रज आणि मराठे लढले. तिथे अजून नांगराला असले गोळे लागतात, आणि लोक ते छावणीपलीकडच्या या कचेरीत ओळखायला आणतात. ओळखायचं काम मोहियोद्दीन यांचं.

"टेकाडाचा मुरूम रस्त्याला चाललाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "सोमवारी जेसीबी येनार. टेकाड गेलं की पावसाचं पानी सरळ माज्या वावरात. तलाठी म्हनला, गोळा टेकाडावर घावलाय ना, मंग लढाईची जागा म्हनून दाखला आना, काम थांबवतो."

"बसा बाई. चहा मागवतो."

"च्या नगं. दाखला द्या."

काचेतला गोळा म्हणजे नमुना क्रमांक एक. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मोहियोद्दीन यांनी तो असईचा म्हणून नोंदवला. साफ, गोल, गुळगुळीत. त्यांना तेव्हा तो फार आवडला होता. पुढे नियम झाला की असईहून येणारी प्रत्येक वस्तू या प्रमाण गोळ्याशी ताडून पाहायची. जुळली तर खरी. आजवर अकरा गोळे परत गेले. दोन जुळले. ते दोन्ही भंगारवाल्याने आणले होते.

नवव्या वर्षी मेहुणा अफजल त्यांना वाळूजला आपला कारखाना दाखवायला घेऊन गेला. तिथे दगडाची भुकटी करायचं मोठं फिरतं पिंप होतं आणि त्याच्याशेजारी, भुकटी दळायला पिंपात टाकायच्या गोळ्यांचा ढीग. साफ, गोल, गुळगुळीत. ढिगात निदान पाचशे नमुने क्रमांक एक पडले होते. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. शकीला म्हणाली, "तो साब को बोल दो ना." तेव्हाच्या साहेबांना त्याच आठवड्यात त्या गोळ्यावरच्या लेखाबद्दल बढती मिळाली होती. सांगणं राहून गेलं. सतरा वर्षं राहून गेलं.

आज मात्र ते उठले आणि मनस्विनी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅडम दोन वर्षांपूर्वी अधिकारी म्हणून आल्या होत्या. हुशार होत्या, आणि आवाज चढवत नसत.

"मॅडम, काचेतला गोळा कारखान्यातला आहे. नोंद माझी, चूक माझी. मला लिहून द्यायचंय."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "चाचा, तुम्ही रिटायर कधी होताय?"

"शुक्रवारी."

"मग शुक्रवारपर्यंत शांत बसा ना."

"बाईंचं टेकाड सोमवारी जाणार आहे."

मॅडमनी नियमांची फाइल काढली. खरोखरच काढली आणि वाचली. "नोंद रद्द करायला समिती लागते. समिती तो गोळा कशाशी ताडून बघणार?"

"प्रमाण गोळ्याशी."

"म्हणजे त्याच्याशीच?"

"हो."

"मग तर जुळणारच."

फाइलमधल्या नियमाच्या मसुद्याखालचं अक्षर मॅडमनी ओळखलं. तेही मोहियोद्दीन यांचंच होतं. फाइल मिटून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या प्रबंधाचा तिसरा अध्याय त्याच गोळ्यावर आहे, चाचा."

"माहीत आहे. मापं मीच काढून दिली होती."



टेबलाशी परत येऊन त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'नमुना क्रमांक एकशी जुळत नाही. सबब तोफगोळा नाही.' लक्ष्मीबाईंनी कागद लांब धरून वाचला.

"खोटा हाय व्हय?"

"कागदावर."

"आन् कागदाभायेर?"

"खरा आहे. काचेतला खोटा आहे. तो मीच ठेवलाय तिथं."

"मंग सांगा की त्या बाईला."

"सांगून आलो."

लक्ष्मीबाईंनी गोळा पुन्हा लुगड्यात बांधला, पिशवीत घातला. "आमच्या गावात चुकीच्या जागी देव बसला तर कौल लावून हालवत्यात," त्या म्हणाल्या. "तुमचा लईच घट्ट बसलाय."

मोहियोद्दीन त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले. तिथे पहारेकरी कडुबाने हात आडवा केला.

"चाचा, पास?"

"अरे, बाईंची वस्तू आहे. सकाळी त्यांनीच आणली."

"सकाळी मी पिशवी म्हनून सोडली. आता आत काय हाय त्ये कळलंय मला. बिनपासाचं कसं सोडू? नोकरी जायची माजी."

फाटकाच्या पासांचं बुक मोहियोद्दीन यांच्याच सहीने चालायचं. त्यांनी ते स्टुलावर उघडलं. वस्तूचे वर्णन, असा रकाना होता. त्या रकान्यासाठी समिती नव्हती. तो ताडून पाहायचा असं कुणाला सुचलं नव्हतं, त्यांनाही नाही. त्यांनी लिहिलं: 'तोफगोळा, ओतीव लोखंडाचा, एक. असईची लढाई, १८०३.' खाली सही, तारीख, गोल शिक्का.

कडुबाने ओळीखाली बोट फिरवत वाचलं. "तोफगोळा? मॅडम तर फोनवर म्हनल्या, कायबी नाय त्ये."

"पास कोण देतंय?"

"तुमी."

"मग झालं."

लक्ष्मीबाईंनी पास घेतला, निरखला, घडी घालून कनवटीला खोचला. "ह्येनं जेसीबी थांबंल?"

"नाही, बाई," मोहियोद्दीन म्हणाले. "यानं फक्त फाटक उघडतं."

शेजारचं लहान दार सताड उघडं होतं. पण नोंदलेली पुराणवस्तू मोठ्या फाटकातूनच न्यायची, असा नियम होता. कडुबाने कडी काढली आणि खांदा लावून एकेक करत दोन्ही दारं भिंतीपर्यंत ढकलली. लक्ष्मीबाई पिशवी कमरेवर घेऊन मधोमध चालत रस्त्यावर गेल्या. मोहियोद्दीन आतच उभे राहिले. पास एकाच वस्तूचा होता.