न झटकलेला पारा

मी गुरांचा थर्मामीटर बोलतोय. ती गुरांची चाराछावणी नेवाशाच्या अलीकडे होती की प्रवरेपलीकडे, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. बहात्तरचा दुष्काळ होता, एवढं नक्की. ठिकाणाबाबत माझ्यावर विसंबू नका; तापाबाबत मात्र खुशाल विसंबा.

माणसांचे थर्मामीटर जिभेखाली मिरवतात. माझं काम शेपटीखाली, आणि त्याची मला लाज नाही. माझ्या टोकाला दोरी, दोरीला चिमटा. तो शेपटीच्या केसांना लावून राधाकृष्ण डॉक्टर शांत उभे राहत. गुरांच्या सरकारी दवाखान्यातले ते एकटेच डॉक्टर.

त्या सकाळी त्यांनी मला छावणीला आलेल्या रतनबाईच्या तांबड्या गाईला लावलं. बाहेर काढलं तेव्हा पारा एकशे सहावर होता. गाईच्या तोंडात फोड, वर हगवण.

"बुळकांडीचा संशय आहे. कळपच्या कळप आडवे करणारी साथ," डॉक्टर म्हणाले.

छावणीचे प्रमुख आप्पासाहेब शेजारीच होते. "डॉक्टर, ऊन लागलंय म्हना की. रोगाचं नाव काढलं तर छावनी बंद हुईल. येवढी जनावरं कुठं नेऊ? पारा झटका, उतरंल; तेवढाच लिवा."

"पारा उतरेल. ताप नाही उतरणार."

"मग हाकला ही गाय."

रतनबाईनं दावं घट्ट धरलं. "कुठं नेऊ? घरी काडी न्हाई. मानसाला ताप आला तर त्याची भाकर बंद करता व्हय, आप्पासायेब?"

डॉक्टरांनी मला झटकलं नाही. आप्पासाहेबांच्या डोळ्यांसमोर धरलं.

"लपवणार नाही, आणि हाकलूही देणार नाही. गाय ओढ्याकाठी वेगळी बांधा, चारा तिथं पोचवा. बाकीच्यांना आजच लस टोचतो. वर मीच कळवतो. माझी बदली करायची तर करा."

बदली झालीच. मीही त्यांच्या पेटीतून सोबत गेलो.

आज मी कपाटात पडून आहे. बॅटरीवरचे थर्मामीटर आलेत, ते आपोआप कोरे होतात. मी होत नाही. नव्या डॉक्टरांनो, मला वापरू नका हवं तर; पण कुणी झटकायला सांगितलं, तर आधी जनावराकडे बघा.

चारा खरंच पोचला का, ही शंका आम्हाला बरीच वर्षं कुरतडत होती. पुढे डॉक्टर नगरच्या दवाखान्यात असताना रतनबाई शेळी घेऊन आली. डॉक्टरांनी चाचरतच विचारलं.

"गाय गेली, डाक्तर. पर दुसरं येक जनावर पडलं न्हाई," ती म्हणाली. "अन् चारा व्हय? आप्पासायेब सोता पेंढी घिऊन यायचे. रोज. तुमाला शिव्या देत."